तुम्ही विचारलंत म्हणून: युरोपात राहून युरोप का फिरत नाहीस?

'पॅरिस तुझ्यापासून विमानाने जेमतेम दोन तासांवर, आणि तू सुट्टी मिळाली की बसने कुठल्या तरी पावसाळी कड्यावर जातेस, असं का?' नाशिकची मावशी हे विचारते. न्यू जर्सीत आईच्या भिशीतल्या काकू विचारतात. मी आयर्लंडमधल्या कॉर्कला राहते असं कळलं की पहिल्यांदाच भेटलेली मराठी माणसंही विचारतात. त्या विचारण्यात माया असते आणि थोडी हळहळही, की पोरगी संधी वाया घालवतेय. फोनवर मी काहीतरी थोडक्यात सांगून टाकते. खरं उत्तर थोडक्यात मावत नाही, म्हणून लिहिते आहे.

माझा जन्म अमेरिकेतला आणि पासपोर्टही अमेरिकेचा. शाळेची मधली वर्षं नाशिकला आजीकडे गेली, त्यामुळे मराठी लिहिता येतं. कॉर्कच्या विद्यापीठात एमएससी करायला आले, मग इथल्याच एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले आणि राहिले.

राहण्याचं एक मोठं कारण म्हणजे रजा. अमेरिकेत पगारी रजा दिलीच पाहिजे असा केंद्राचा कायदाच नाही, सगळं मालकाच्या मर्जीवर. इथे १९९७च्या कायद्याने पूर्णवेळ काम करणाऱ्याला वर्षाला किमान चार आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि वर दहा सार्वजनिक सुट्ट्या. त्यातली दहावी, सेंट ब्रिजिडच्या नावाची, २०२३पासून सुरू झाली आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला येते. अंधारे दिवस नुकते मागे पडत असतात, तेव्हा ती फार मोलाची वाटते. सुट्टी कधी घेणार हे वरिष्ठ स्वतःहून विचारतात. माझ्या न्यू जर्सीच्या मैत्रिणींना हे सांगते तेव्हा त्या क्षणभर गप्प होतात.

पण चार आठवडे दोन घरांत वाटले की किती उरतात? आई-बाबा न्यू जर्सीत, आजी नाशिकला. कॉर्क या दोघांच्या बरोबर मधे आहे. न्यू जर्सी पाच तास मागे, नाशिक हिवाळ्यात साडेपाच तास पुढे आणि उन्हाळ्यात साडेचार. मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं इथल्याआधी पुढे सरकतात, त्या दोन-तीन आठवड्यांत आईशी बोलण्याची वेळ नव्याने ठरवावी लागते. रविवारी दुपारी आजी आणि आई दोघी एकदम फोनवर सापडतात, म्हणून ती वेळ मी कुणालाच देत नाही. या दोन घरी जाऊन उरलेली जी रजा, तीच फिरायची.

आणि ती रजा मी एकटीने नाही, ताईबरोबर घालवते. माझ्या उत्तरातली मुख्य गोष्ट ही आहे.

ताई माझ्याबरोबर एकाच घरात राहते. तासगावची, मिरजेला नर्सिंग शिकलेली, इथल्या एका रुग्णालयात नर्स. इथे भाड्याचं घर मिळणं नोकरी मिळण्यापेक्षा अवघड आहे. एकेका खोलीसाठी इतके लोक येतात की घरमालक निवांत निवड करतो. ताईने तिच्या घरातली रिकामी होणारी खोली माझ्यासाठी धरून ठेवली, तेव्हा आमची ओळख फक्त गणपतीच्या आरतीतली होती. तिची ड्युटी बारा-बारा तासांची. रात्रपाळी करून ती सकाळी येते तेव्हा मी निघायच्या गडबडीत असते. आंघोळीचं पाणी तापवायचं बटण आधी कोणी लावायचं, दोरीवरचे कपडे पाऊस आला की कोणी काढायचे, डाळ कोणी भिजवायची, हे सगळं फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालतं. तिचं ड्युटीचं वेळापत्रक लागलं की आधी माझी रजा कुठे जुळते ते बघायचं, मग कुठे जायचं ते.

इथे पासपोर्टचा प्रश्न येतो. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. अमेरिकन पासपोर्टवर मला शेंगेन देशांत १८० दिवसांतले ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. शुक्रवारी मनात आलं तर शनिवारी मी पॅरिसमध्ये असू शकते. ताईकडे इथल्या वास्तव्याचं कार्ड आहे, नोकरी आहे, ती इथे करही भरते, तरी तिला दर वेळी शेंगेन व्हिसा काढावा लागतो. फी ९० युरो. कागद द्यायला डब्लिनला जायचं, म्हणजे तिची ड्युटी नसलेला एक दिवस त्यातच जाणार. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणंच कठीण, आणि पासपोर्ट तिकडे अडकला असताना घरून काही वाईट बातमी आली तर काय, ही धाकधूक वेगळीच. आम्ही एकाच स्वयंपाकघरात जेवतो, एकाच घराचं भाडं भरतो. माझ्यासाठी उघडं असलेलं दार तिच्यासाठी अर्ज करून उघडतं, आणि यात माझं कर्तृत्व काहीच नाही, मी फक्त न्यू जर्सीत जन्मले. मला हे रोज खटकतं. बार्सिलोनाला मी एकटी जाऊन आले. सुंदर शहर आहे. पण दिवसभर जे पाहिलं ते संध्याकाळी ज्या माणसाला सांगायचं, ते माणूस बरोबर असायला हवं होतं असं सारखं वाटत होतं.

ताई म्हणते, 'कुठंबी जाऊ, पण पासपोर्ट पिशवीतनं काढाय लागणार नाही असं बघ.' आमच्या सगळ्या सहली या एका अटीवर ठरतात.

ही अट वाटते तितकी सोपी नाही. यंदा डोनेगलला जायचं ठरतंय. डोनेगल हा परगणा आयर्लंड बेटाच्या पार वायव्य टोकाला आहे आणि तिथे आज रेल्वे नाही. डब्लिनहून डोनेगलमधल्या लेटरकेनीला जाणारी नेहमीची बस ऑमा आणि स्ट्रबेन या गावांवरून जाते. ही गावं उत्तर आयर्लंडमधली, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीतली. वाटेत फाटक नाही, चौकी नाही, फक्त रस्त्यावरच्या पाट्या किलोमीटर सोडून मैल सांगायला लागतात. मी त्या बसने खुशाल जाऊ शकते. अमेरिकनांना २०२५पासून ब्रिटनसाठी आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते, पण आयर्लंडच्या कायदेशीर रहिवाशाला इथूनच जाताना तीही माफ आहे. ताईला मात्र ब्रिटनचा व्हिसा हवा. आयर्लंडमधल्या एका गावाहून आयर्लंडमधल्याच दुसऱ्या गावी जाताना! सीमेवरच्या बसमध्ये कधीकधी पोलीस चढून कागद बघतात. परदेशात नर्सची नोकरी आणि राहण्याचा परवाना दोन्ही असलेल्या बाईने असला धोका का पत्करावा?

म्हणून आमचा मार्ग पश्चिमेकडून. कॉर्कहून लिमरिकवरून गॉलवेला ५१ नंबरची बस, गॉलवेहून ६४ नंबरची, जी स्लायगोवरून डोनेगल गावात जाते. ही ६४ पुढे लेटरकेनी करून सीमेपलीकडे डेरीला जाते, पण आम्ही डोनेगल गावातच उतरणार. सगळा दिवस बसमध्ये जाईल, पण संपूर्ण वाट आयर्लंडमधली. तिथून स्लीव्ह लीगचे कडे बघायचे आहेत. समुद्रातून वर उठलेले जवळजवळ ६०० मीटरचे. मोहेरचे कडे, ज्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, ते सर्वांत उंच जागी २१४ मीटर आहेत. मोहेरला बसगाड्यांची रांग असते. स्लीव्ह लीगला टीलिन गावापासून चढत जायचं, आणि वर मेंढ्यांची सोबत.

बस-बस काय, गाडी का नाही घेत, हाही प्रश्न येतो. अमेरिकेच्या कुठल्याही राज्याचं लायसन्स इथे बदलून मिळत नाही. त्यामुळे पहिल्यापासून सुरुवात: लेखी परीक्षा, शिकाऊ परवाना, प्रशिक्षकाकडचे १२ सक्तीचे धडे, मग प्रत्यक्ष परीक्षा. माझे धडे चालू आहेत. तोवर बस, आणि बसबद्दल माझी काही तक्रार नाही. इथे उतरताना प्रत्येक जण, शाळेतली पोरंसुद्धा, ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. मला या देशाबद्दल जे आवडतं त्यात हे फार वर आहे.

दुसरा बेत जूनमधला, स्केलिग मायकलचा. केरीच्या किनाऱ्यापासून बारा किलोमीटरवर समुद्रात उभा खडक, त्यावर जुन्या ख्रिस्ती साधूंनी दगडावर दगड रचून बांधलेल्या गोल झोपड्या, आणि वर जायला ६१८ पायऱ्या. मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच बोटी उतरू देतात, एका बोटीत फक्त बारा माणसं, आणि समुद्र खवळलेला असला की सकाळीच फोन येतो, आज जमणार नाही. म्हणून एक दिवस हाताशी जास्त धरला आहे. बोट रद्द झाली तर पोर्टमगीचा पूल ओलांडून व्हॅलेन्शिया बेटावर जायचं. १८६६ साली तिथूनच न्यूफाउंडलंडपर्यंत समुद्राखालून तारायंत्राची केबल पडली आणि युरोप-अमेरिकेचं बोलणं कायमचं सुरू झालं. आईशी रोज फोनवर बोलणाऱ्या मला ते ठिकाण बघायचंच आहे. खरं सांगायचं तर बोट मिळाली तरी मी ताईला तिकडे नेणार आहे.

रजाच नसते तेव्हा कोव्ह, हे जवळचं बंदराचं गाव. कॉर्कच्या केंट स्टेशनवरून गाडीने पंचवीसेक मिनिटं. पर्यटक तिथे टायटॅनिकसाठी येतात, कारण ११ एप्रिल १९१२ला ती इथे शेवटची थांबली होती. मी धक्क्यावरच्या ॲनी मूरच्या पुतळ्यासाठी जाते. कॉर्ककडची ही मुलगी दोन धाकट्या भावांना घेऊन इथून जहाजावर चढली आणि १ जानेवारी १८९२ला न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर नोंद झालेली पहिली स्थलांतरित ठरली. तिकडेही तिचा पुतळा आहे. न्यू जर्सीच्या आमच्या शाळेने सहल नेली होती तेव्हा मी तो पाहिला होता. १८४८ ते १९५० या काळात आयर्लंड सोडलेल्या साठ लाखांतले सुमारे पंचवीस लाख या एका बंदरातून गेले. इथल्या म्हाताऱ्या माणसांना मी अमेरिकन आहे म्हटलं की ती आधी विचारतात, तुझे कोण इकडून गेले होते? कोणी नाही, आमचे नाशिकहून गेले, म्हटलं की खुर्ची ओढून पुढचं विचारतात. घर सोडून गेलेल्यांची चौकशी करायची सवय त्यांच्या हाडात आहे. ताईला तर ती हमखास विचारतात, आई बरी आहे ना?

ताईपुढे आता मोठा निर्णय आहे. पाच वर्षांचं वास्तव्य मोजून झालं की तिला इथल्या नागरिकत्वाचा अर्ज करता येईल. अर्जाआधीच्या वर्षात ७० दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहून चालत नाही, म्हणून तासगावची फेरीसुद्धा ती कॅलेंडर समोर ठेवून ठरवते. आयरिश पासपोर्ट आला की पॅरिस, बेलफास्ट, ऑमावरून जाणारी बस, सगळं मोकळं. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते, घ्यायचं. त्या कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि ताईच्या मनात वडिलांच्या द्राक्षबागेला लागून असलेला तुकडा आहे. मला हा प्रश्न कधी पडलाच नाही. यात सल्ला देण्याचा मला अधिकार नाही. ती रात्री बोलते, मी ऐकते.

मावशी, तुझं राहिलं. पुढच्या वर्षीच्या युरोप टूरमधून दोन दिवस कॉर्कला यायचं म्हणतेस, तर हे आत्ताच ऐकून ठेव. टूरवाले काढून देतील तो शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही. इथला वेगळा काढावा लागेल. लंडनही करणार असलीस तर ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर 'बीआयव्हीएस' असा शेरा येतो का ते विचार. तो शेरा असला की भारतीय पासपोर्टवर त्याच व्हिसाने आधी ब्रिटन आणि मग आयर्लंड करता येतं. मे किंवा जून धर. तेव्हा दहा वाजेपर्यंत उजेड असतो. आणि दोन दिवस नको, निदान आठवडा काढ. ताईची सुट्टी मी महिनाभर आधी सांगून जुळवून घेईन.