मेन्टेनन्स कॉन्ट्रॅक्टर ठरवताना रेट सगळ्यात शेवटी विचारा

भाड्याने दिलेली घरं तीन-चारच्या वर गेली की प्रत्येक गळक्या नळासाठी नवा प्लंबर शोधत बसणं जमत नाही. मग सगळं एकाच कॉन्ट्रॅक्टरला द्यायचं ठरतं आणि बहुतेक मालक पहिल्याच फोनवर विचारतात, "रेट काय?" काम काय आहे हेच लिहिलेलं नसेल, तर तिघांनी दिलेले तीन रेट तीन वेगळ्या कामांचे असतात. त्यांची तुलना करून उपयोग नाही.

सुरुवात मागच्या 12 महिन्यांच्या तक्रारींपासून करा. कुठलं घर, कुठली खोली, काय बिघडलं, काय केलं, किती खर्च आला आणि तीच तक्रार परत आली का. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. एकाच बाथरूमच्या नावावर वर्षात तीन दुरुस्त्या दिसत असतील तर मूळ दोष कुणीच शोधलेला नाही. याच यादीवरून कॉन्ट्रॅक्टरकडे कुठला माणूस स्वतःचा हवा तेही कळतं. निम्म्याहून जास्त तक्रारी पाण्याच्या असतील तर प्लंबर त्याच्या पगारावर असायला हवा. सुतार किंवा रंगारी तो बाहेरून बोलावत असेल तरी चालतं. "माझ्याकडे सगळे आहेत" या उत्तरावर थांबू नका. पगारावर कोण आणि बोलावून आणायचे कोण, हे नावानिशी विचारा.

पारख करायला एक प्रश्न पुरतो: खालच्या घराच्या छताला, वरच्या बाथरूमखाली, ओल आली आहे, काय कराल? कामाचा माणूस उलट प्रश्न विचारतो. ओल कायम असते की वर अंघोळ झाल्यावर वाढते? पावसात वाढते का? कायम असेल तर संशय दाबाखालच्या पाइपवर. वापरानंतर वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (फरशीच्या जाळीखालचं, सांडपाणी पाइपात सोडणारं भांडं), ड्रेनेजचा जोड किंवा टाइल्सच्या फटी. पावसातच येत असेल तर बाहेरची भिंत. मग तो तपासणी सांगतो. सगळे नळ बंद करून तासभर पाण्याचा मीटर बघायचा. मीटर हलला तर पाइप गळतोय. नाही हलला तर ट्रॅपला बूच मारून फरशीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी भरायचं, पातळीला पेन्सिलची खूण करायची आणि 24 तासांनी बघायचं. एक-दोन मिलिमीटर पाणी हवेत उडून जातं, त्याहून जास्त उतरलं तर पाणी फरशीतून झिरपतंय. पातळी तशीच राहिली तर बूच काढून रंगीत पाणी ट्रॅपमध्ये सोडायचं आणि खाली रंग उतरतो का ते बघायचं. याउलट न बघताच "सगळ्या टाइल्स फोडाव्या लागतील" किंवा "वरून केमिकल मारून देतो" म्हणणारा माणूस बाद. पहिला नको तेवढा खर्च करवतो, दुसरा पुढच्या मोसमात परत बोलवायला लावतो.

कागदपत्रं बघायला संकोच नको. इलेक्ट्रिशियनचा परवाना, कामगाराला इजा झाली तर त्याचा विमा, दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचा विमा. तिन्हींवर नाव कोणाचं आणि मुदत कधीपर्यंत, तेवढंच बघायचं.

त्यानंतर दोन-तीन छोटी कामं देऊन बघा. फ्लश टाकीतून पाणी सतत वाहतंय, ही उत्तम परीक्षा. टाकीत थोडा रंग टाकून फ्लश न करता वीस-तीस मिनिटं थांबलं आणि भांड्यात रंग उतरला, तर तळाचा रबर गेलाय. पाणी ओव्हरफ्लोच्या नळीत पडत असेल तर भरणारा व्हॉल्व्ह बंद होत नाही. दोन्ही वेळा फक्त एक पार्ट बदलायचा असतो. पूर्ण सेट बदलून बिल आलं, तर कारण विचारा.

दुसरी परीक्षा विजेची. 16 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) सारखा पडतो अशी तक्रार असेल आणि त्याने तिथे 32 अँपिअरचा बसवला, तर पुढचं एकही काम देऊ नका. एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो. 2.5 चौरस मिलिमीटरची वायर मागे तशीच असताना मोठा एमसीबी लावला की तो पडत नाही आणि भिंतीतली वायर तापत राहते. नीट काम करणारा आधी लोड मोजतो, मग एमसीबीचे स्क्रू बघतो. ढिल्या स्क्रूपाशी वायरचं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं दिसतं. तिथल्या उष्णतेनेही एमसीबी पडतो.

आता रेट. वर्षाची ठोक रक्कम ठरवली तर कमीत कमी वेळा येण्यात कॉन्ट्रॅक्टरचा फायदा. प्रत्येक फेरीचे पैसे ठरवले तर जास्तीत जास्त वेळा येण्यात. त्यामुळे मिश्र पद्धत बरी: ठरलेल्या तपासणी फेऱ्यांची ठोक रक्कम आणि बाकी कामांचा आयटमप्रमाणे लेखी दरतक्ता. फेरीच्या पैशांत पहिला किती वेळ धरला आहे, सामान कोण आणणार, सामानावर किती टक्के मिळवणार, फोडाफोड झाली तर राडारोडा कोण उचलणार, हे सगळं त्यात हवं. भांडणं बहुतेक वेळा राडारोड्यावरूनच होतात. काढलेला जुना पार्ट बिल मिळेपर्यंत टाकायचा नाही, अशीही एक ओळ घाला.

किती रकमेपर्यंत न विचारता काम करायचं याची मर्यादा ठरवा. त्यावर गेलं तर फोटो आणि कोटेशन. तातडीची कामं नावं घेऊन लिहा: न थांबणारी गळती, जळका वास किंवा ठिणग्या, मैला उलटा येणं, घरातला एकमेव संडास तुंबणं, बाहेरचं दार बंद न होणं. अशा वेळी मर्यादा बाजूला ठेवून व्हॉल्व्ह किंवा सर्किट बंद करायचं आणि धोका टाळायचा, कायमची दुरुस्ती मात्र विचारूनच. किती तासांत पोचायचं तेही लिहा. ठिबकणारा नळ दोन-तीन दिवस थांबू शकतो. गॅसचा वास आला तर भाडेकरूने बटणांना हात न लावता बाहेर पडून गॅसच्या आपत्कालीन सेवेला फोन करायचा. तिथे कॉन्ट्रॅक्टरची वाट बघायची नाही.

मोठ्या कामात अ‍ॅडव्हान्स जागेवर आलेल्या सामानाइतकाच द्या, पुढचे हप्ते टप्प्यांप्रमाणे. एकूण रकमेचे 10 टक्के हातात ठेवा. साध्या प्लंबिंगला तीन महिने पुरेत, वॉटरप्रूफिंगचे मात्र पूर्ण पावसाळा गेल्यावरच सोडा.

फोटो तीन हवेत: आधीचा, उघडल्यावरचा आणि नंतरचा. बहुतेक जण मधला विसरतात. भिंतीतला पाइप बुजवण्याआधी शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढला की पुढे ड्रिल कुठे मारायचं नाही ते कळतं.

भाडेकरूची तक्रार एकाच नंबरवर यावी आणि तिला क्रमांक मिळावा. भाडेकरूने परस्पर "आता आलाच आहात तर हेही करा" म्हटलेली कामं बिलात धरली जाणार नाहीत, हे दोघांनाही आधीच लेखी कळवा. घरात जाण्याआधी भाडेकरूला पूर्वसूचना द्यायची जबाबदारी कोणाची, तेही नक्की करा.

शक्य असेल तिथे सगळ्या घरांत एकाच मॉडेलचे नळ आणि टाक्या घ्या. एक हाती मिक्सरचं (एकाच दांड्याने गरम-थंड पाणी सोडणाऱ्या नळाचं) कार्ट्रिज, म्हणजे पाणी सोडणारा-थांबवणारा आतला भाग, साधारण 35 किंवा 40 मिलिमीटरचं असतं. दोन्ही मापं घरोघर मिसळली की प्रत्येक कामाला दोन फेऱ्या होतात. एकच माप असेल तर दोन कार्ट्रिज, दोन टाकीचे व्हॉल्व्ह, चार रबर आणि दोन कनेक्शन पाइप एवढ्या साठ्यावर बरीच कामं पहिल्याच फेरीत होतात.

एक चूक मालकांचीच असते. जुना भाडेकरू गेला, नवा चार दिवसांत येणार, म्हणून गळती काढल्या काढल्या रंग मारायला लावतात. प्लास्टर आतून ओलं असताना पुट्टी आणि रंग लावला की फुगे येतात, क्षार वर येतात, पापुद्रे सुटतात. सुकायला आठवडे लागू शकतात. ओल मोजायचं यंत्र कॉन्ट्रॅक्टरकडे असेल तर आकडा बघून ठरवा. नसेल तर तेवढी भिंत नवीन भाडेकरूला सांगून कोरी ठेवा.

करार संपवण्याची अटही पहिल्याच दिवशी घाला: 30 दिवसांची नोटीस, अर्धवट कामांची यादी, सगळे फोटो मालकाच्या ताब्यात आणि किल्ल्या मोजून परत. एक जरी किल्ली कमी भरली, तर त्या घराच्या कुलपाचा सिलिंडर त्याच दिवशी बदला आणि तो खर्च कॉन्ट्रॅक्टरच्या राखून ठेवलेल्या रकमेतून वळता करा.