आमची वाटचाल : छपराखालच्या पात्राला पाऊस कळावा म्हणून

मजकुरावर चालणाऱ्या ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम्ससाठी (यांना ‘मड’ म्हणतात) आम्ही हवामान लिहितो. फक्त हवामान. लढाई, जादू, दुकानदारी यांची कामं घेत नाही. बाहेर पाऊस लागलाय हे पात्राला कसं कळतं, या एकाच प्रश्नावर ही छोटी कंपनी उभी आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे.

या धंद्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी डिकूमडची हवामानाची फाइल उघडलेली असते. कोपनहेगन विद्यापीठातून १९९१ साली बाहेर पडलेला हा कोड. हवेचा दाब ९६० ते १०४० मध्ये फिरतो, एका खेपेला बाराच्या वर सरकत नाही. आकाश चारच प्रकारचं : निरभ्र, ढगाळ, पावसाळी, विजांचं. निरभ्र असताना दाब ९९०च्या खाली गेला की ढग येणारच. ९९० ते १०१० मध्ये चारांतून एकदा. ढगांवरून पावसावर, पावसावरून विजांवर, मधली पायरी कधी गाळली जात नाही. गेममधला तास ७५ सेकंदांचा, म्हणजे दिवस अर्ध्या तासात संपतो. हे गणित आजही बदलावंसं वाटत नाही.

अडचण त्यापुढे आहे. हवामान बदलल्याची ओळ जाते ती बाहेर असलेल्या पात्रालाच. खोलीवर ‘आत’ अशी खूण असली की संपलं. मग तळघर काय आणि पत्र्याची टपरी काय, दोन्ही सारखीच बहिरी. बाहेरच्यांनी हवामान विचारलं तर दाब उतरताना सगळ्यांचाच पाय सांगतो की हवा बिघडणार आहे. म्हाताऱ्या सैनिकाचाही आणि पोरसवदा धनुर्धराचाही.

आम्ही ‘आत-बाहेर’ काढून टाकलं आणि छप्पर आणलं : उघडं, झाड, कौल, पत्रा, दगड, जमिनीखाली. पत्र्याखाली पहिल्या थेंबापासून आवाज. दगडाखाली भुरभुर कळत नाही, गडगडाट कळतो. झाडाखाली पाऊस एक तास उशिरा सुरू होतो आणि एक तास उशिरा थांबतो. कौलांच्या पागोळ्या सर ओसरल्यावरही तासभर गळतात. (हे सगळे गेममधले तास.) जमिनीखाली आवाज नाहीच, पण सलग सहा तास पाऊस झाला तर भिंतीला ओल येते. झोपलेल्याला फक्त वीज.

दुसरी गोष्ट अंगावरची ओल. प्रत्येक पात्राला शून्य ते दहा असा आकडा. उघड्यावर तासाला दोन वाढतात, झाडाखाली एक. कोरड्यात एक उतरतो, शेकोटीपाशी तीन. ओळ दाखवायची ती ३, ६ आणि ९ ओलांडतानाच. उतरतानाची हद्द मात्र दोनने खाली ठेवा. चढताना सहा, तर उतरताना चार. नाहीतर झाडाच्या आत-बाहेर करणारं पात्र सीमेवर लटकतं आणि ‘भिजलं, सुकलं, भिजलं’ अशा ओळींनी पडदा भरतो. लढाई चालू असताना ओळ रोखून ठेवा आणि संपल्यावर फक्त शेवटची सोडा.

पात्राला काय वाटलं ते मात्र लिहू नका. ‘तुम्ही घाबरता’ ही ओळ मुरलेल्या खेळाडूला खपत नाही, कारण घाबरायचं की नाही हे त्याचं त्याने ठरवायचं असतं. पाणी मानेवरून पाठीत उतरलं, एवढं सांगून थांबा. पुढचं तो स्वतः लिहितो, आणि तेव्हाच खेळात हवामान आलं असं म्हणायचं.

आमचा सगळ्यांत जुना ग्राहक एक मड चालवतो. त्याला दिसत नाही. तो आणि त्याचे बरेच खेळाडू स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर खेळतात. ‘डोंगरामागून सरकत आलेल्या काळ्या ढगांतून अखेर पाऊस सुरू झाला’ ही ओळ त्याने परत पाठवली. स्क्रीन रीडरवाला पहिले दोन-तीन शब्द ऐकून कळ दाबतो आणि पुढे जातो. तेव्हापासून आमची प्रत्येक ओळ बातमीने सुरू होते : ‘पाऊस सुरू झाला, डोंगर दिसेनासा झाला.’ पडत्या काळातही या माणसाने आमचं बिल थकवलं नाही.

पडता काळ आणला तो एका मोठ्या स्टुडिओने. ‘खऱ्या शहराचं खरं हवामान थेट गेममध्ये’ असं ते विकू लागले आणि आमचे ग्राहक एकामागून एक तिकडे गेले. पगार थांबले, कंपनी बंद करायचे कागद तयार झाले. आम्ही प्रत्येकाला साधा हिशोब पाठवला होता. तास ७५ सेकंदांचा असेल, तर बाहेरची तीन तासांची सर गेममध्ये सहा दिवस पडते आणि खरा एक पावसाळी दिवस अठ्ठेचाळीस दिवस चालतो. डिकूचा महिना पस्तीस दिवसांचा. म्हणजे महिनाभर पाऊसच पाऊस. शिवाय डिकूत पाऊस किंवा विजा असतानाच आकाशातून वीज पाडण्याचा मंत्र चालतो. मग सर्व्हर कोरड्या शहराशी जोडलेला असला की मांत्रिक हात बांधून बसतो. तेव्हा कुणी हिशोब वाचला नाही. नंतर तक्रारी वाढल्या आणि ग्राहक परतले, पण तोवर आमची छपरांची यादी त्या स्टुडिओच्या माहितीपत्रकात आमच्या नावाशिवाय छापली गेली होती. ते शल्य आजही आहे.

आमची हत्यारं साधी. डिकूचा मूळ परवाना नफा घेऊ देत नव्हता, म्हणून आमचं सगळं पायथन भाषेत, एव्हेनिया या मड बनवायच्या तयार सांगाड्यावर. ओळी स्प्रेडशीटमध्ये : आकाश, छप्पर, ऋतू, इंद्रिय, ओळ. तपासणीला मडलेट (मड खेळायचं सॉफ्टवेअर), घड्याळ शंभरपट पळवायचं, लॉग काढायचा आणि एकच ओळ दोन पडद्यांत दोनदा आली का ते बघायचं. नवशिक्यांनी लॉग मोठ्याने वाचावा. कंटाळवाणी ओळ कानाला लगेच टोचते.

सध्या मराठी ओळींचं काम चालू आहे. ‘तू भिजलास, भिजलीस’ अशा फांद्या प्रत्येक ओळीला फुटतात. म्हणून कर्ता वस्तूला करतो : ‘बाही जड झाली’, ‘वहाणेत पाणी शिरलं’. कोण खेळतंय हे ओळीला विचारावं लागत नाही. डिकूवरून बनलेल्या जुन्या सर्कलमडवर मात्र हे काम घेऊ नका. तिथे टाइप केलेली देवनागरी अक्षरं गाळलीच जातात, आणि ती अट काढली तरी एका ओळीला २५६ बाइट्सची हद्द आहे. देवनागरीत अक्षर-चिन्हामागे तीन बाइट जातात, म्हणजे काना-मात्रा धरून साधारण पंच्याऐंशी चिन्हांनंतर खेळाडूचं वाक्य तुटतं.