तुम्ही विचारलंत म्हणून: डायरी दहाव्या पानावर का थांबते?

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: ‘ऑटिझम आहे ना, मग ठरलेलं वेळापत्रक आवडायला हवं. दर महिन्याला नवी डायरी कशाला लागते, आणि ती दहाव्या पानावर थांबते कशी?’ विचारणाऱ्याच्या मनात असतं की ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि चंचलता आवरणं अवघड जाणारी स्थिती) या एकाच माणसाला मिळालेल्या दोन निदानांतलं एक चुकीचं असावं. ही शंका एके काळी पुस्तकातच होती. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या ‘डीएसएम’ या निदानाच्या नियम-पुस्तकानुसार ऑटिझमचं निदान झालेल्याला एडीएचडीचं निदान देता येत नसे. २०१३च्या पाचव्या आवृत्तीने ती अट काढली. आज तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांना शाळेत दोन्हींपैकी एकच नाव मिळालं, काहींना तेही नाही. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम नावाने आहे, एडीएचडी नाही. म्हणजे प्रमाणपत्रावरही एकच बाजू दिसते.

आता डायरी. एडीएचडी असलेल्या मेंदूला काम सुरू करायला नावीन्य किंवा रस लागतो. डायरी जुनी झाली की ती टेबलावर असून दिसत नाही. एक दिवस असा चुकला की ऑटिझमची बाजू म्हणते, क्रम मोडला, आता सगळंच बिघडलं. एकाने टाकलेलं दुसरा उचलू देत नाही. वेळापत्रकच नको म्हणावं, तर ‘आता पुढे काय’ या अनिश्चिततेनेच दुपारपर्यंत माणूस थकतो. ‘थोडं ठरलेलं, थोडं मोकळं’ हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही, त्यात दोघंही उपाशी राहतात. सांगाडा पक्का ठेवावा आणि त्यात भरायचं ते बदलत राहावं.

सकाळसाठी घड्याळाच्या वेळा लिहू नका, क्रम लिहा: दात, पाणी, नाश्ता, गोळी, अंघोळ, बॅग. ७.१०ची अंघोळ ७.२५ला झाली तर वेळ चुकते, क्रम चुकत नाही. हा क्रम लिहिलेला फळा एकाच भिंतीवर, तो हलवायचा नाही. पेनाचा रंग आणि अंघोळीच्या वेळची गाणी हवी तेव्हा बदला. फळ्याच्या तळाशी एक ओळ कायमची: ‘चुकलं तर आत्ताच्या पायरीपासून.’ राहिलेलं भरून काढायला गेलं की अख्खा दिवस हातचा जातो.

जेवणावरून घरात सगळ्यात जास्त वाद होतात. सहा महिने रोज दहीभात, त्याच वाटीत. आणि एका मंगळवारी घास तोंडातच जात नाही. आई म्हणते, काल तर मिटक्या मारत होतास! हे नखरे नव्हेत. ओळखीची चव आणि पोत यांनी एक बाजू निर्धास्त असते, दुसरी त्याच चवीला विटते, आणि बदली पदार्थ हाताशी नसतो. मग दोन दिवस चहा-बिस्किटांवर. एकाच वेळी तीन पदार्थ चालू ठेवा आणि पहिला नकोसा होण्याआधीच दुसऱ्यावर जा. नवं काही आणायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदला: भात तोच, वाटी तीच, दह्यावर फक्त जिऱ्याची फोडणी. आवडतं म्हणून एकाच बिस्किटाचे बारा पुडे भरून ठेवू नका, दोन पुरे. शिवाय भूक लागल्याचं वेळेत कळतंच असं नाही. संध्याकाळी सहाला दारं आपटली जात असतील तर आधी दुपारचा डबा उघडून बघा.

वस्तूंचं थोडक्यात सांगतो. कपाटात गेलेली वस्तू डोक्यातूनही जाते, आणि ओट्यावरच्या वीस वस्तू डोळ्यांना गोंगाट वाटतात. पारदर्शक डब्यांची भिंत हा लोकप्रिय सल्ला दुसरी अडचण वाढवतो. रोजच्या सात-आठ वस्तू एका ट्रेमध्ये उघड्यावर ठेवा, बाकी सगळं दाराआड आणि दारावर आतल्या वस्तूंचा फोटो.

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी, ही पद्धतही अनेकांना बाधते. एकदा लागलेली तंद्री गजराने तोडली की परत शिरायला अर्धा तास जातो. कामाचा तुकडा संपेल तिथे थांबा. वेळेचं बंधन असेलच तर मनगटावरचं कंपन दोनदा, दहा मिनिटं आधी आणि दोन मिनिटं आधी. कर्कश गजर कानाला लागतो, आणि आठवड्यात त्याची सवय होऊन ऐकूही येईनासा होतो.

गोळ्यांबद्दल सगळेच विचारतात. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध सुरू झाल्यावर ‘हा आता जास्तच ऑटिस्टिक वाटतो’ असं घरचे म्हणतात. काहींच्या बाबतीत ते दिसतंही. डोक्यातली पळापळ कमी झाली की आधी तिच्यात बुडून जाणारा मिक्सरचा आवाज आता नीट ऐकू येतो, सरळ रांगेत ठेवलेल्या चपला कोणी हलवल्याचं लगेच कळतं. ऑटिझम सोबत असेल तर या औषधाचा गुण तुलनेने कमी जणांना येतो आणि त्रास जास्त जणांना होतो, म्हणून डॉक्टर सहसा कमी मात्रेने सुरुवात करतात. भूक मरते, म्हणून वरच्या क्रमात नाश्ता गोळीच्या आधी आहे.

या औषधाच्या साध्या गोळीचा (हळूहळू सुटणाऱ्या, लांब असराच्या गोळीचा नव्हे) असर साधारण चार तास राहतो. आठवडाभर एका वहीत दोन वेळा लिहा: गोळी घेतली ती, आणि पहिली चिडचिड झाली ती. चिडचिड दर वेळी चौथ्या-पाचव्या तासाला येत असेल तर गोळी उतरताना त्रास होत असावा. पहिल्या-दुसऱ्या तासालाच येत असेल तर मात्रेबद्दल विचारायला हवं. दोन्हींत काही मेळच नसेल तर गोळी सोडून मिक्सर, भूक, पाहुणे यांच्याकडे बघा. मात्रेत स्वतः फेरफार न करता वही डॉक्टरांसमोर ठेवा. ‘हल्ली चिडतो’ एवढ्या वाक्यावरून त्यांना काहीच ठरवता येत नाही.