आत्याचा जुना लॅपटॉप: आधी रॅम की आधी एसएसडी?

आत्या घरी शिकवण्या घेते. प्रश्नपत्रिका वर्डमध्ये, फीचा हिशेब एक्सेलमध्ये आणि परीक्षा जवळ आल्या की मुलांच्या शंकांसाठी ऑनलाइन तास, एवढंच तिचं काम. पण लॅपटॉप सुरू करून ती चहा टाकायला जायची आणि चहा पिऊन झाला तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी), ५०० जीबीची ५४०० आरपीएम (मिनिटाला ५४०० फेरे घेणारी) हार्ड डिस्क, विंडोज १०. खर्च एका वेळी एकाच गोष्टीवर करायचा, हे तिनं आधीच सांगून टाकलं होतं. दुकानदार म्हणाला, "रॅम वाढवा." मला मात्र आधी अडतंय कुठे ते बघायचं होतं.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला; मेमरी आणि डिस्क किती वापरात आहे ते तो दाखवतो. नुसता वर्ड चालू असताना मेमरी साठ टक्क्यांच्या आसपास होती. डिस्कचा रकाना मात्र १०० टक्के, आणि प्रत्यक्ष वेग सेकंदाला जेमतेम १-२ एमबी! ५४०० आरपीएमच्या तबकडीला एक फेरा घ्यायला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात, शिवाय माहिती वाचणारं हेड योग्य जागी सरकायचा वेळ वेगळा. विखुरलेल्या बारीक फायली वाचायच्या म्हटल्यावर ती सेकंदाला शंभर वाचनंही धड करत नाही. साध्या साटा जोडणीच्या एसएसडीत माहिती चिपवर साठवलेली असते, फिरणारं काहीच नसल्यामुळे तीच वाचनं हजारोंनी होतात.

इथे एक गोष्ट नीट पाहावी लागते. रॅम भरली की विंडोज जास्तीचा माल डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकतं, म्हणजे डिस्कचे १०० टक्के कधी कधी रॅमच्या टंचाईमुळेही दिसतात. म्हणून ब्राउझर बंद ठेवून, मेमरी मोकळी असताना पुन्हा पाहिलं. तरीही डिस्क गच्चच. मग निर्णय झाला, एसएसडी.

२५६ जीबीची अडीच इंची, ७ मिमी जाडीची घेतली. आत्याच्या फायली आधी पेन ड्राइव्हवर काढल्या, बॅटरी काढली, तळाचं झाकण उघडलं. डिस्क पत्र्याच्या चौकटीत चार बारीक स्क्रूंनी बसवलेली असते. ती वर न उचलता आधी कनेक्टरपासून सरळ मागे सरकवायची, नाहीतर कनेक्टरला इजा होते. तीच चौकट एसएसडीला लावली आणि विंडोज नव्यानं टाकलं. जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घातली, आता ती बॅकअपला आहे.

फरक पहिल्याच दिवशी कळला. आत्या खुर्चीत बसेपर्यंत डेस्कटॉप तयार! वर्ड क्लिक केल्याबरोबर उघडतं. हार्ड डिस्कवर चालणारा जुना लॅपटॉप मोडीत काढण्याआधी हे एकदा करून बघाच, असं मी कळकळीनं सांगेन.

पण ऑनलाइन तास, ब्राउझरचे पाच-सहा टॅब आणि वर्ड एकत्र चालू झाले की तो अजूनही अडखळायचा. तेव्हा मेमरी नव्वदीच्या पुढे गेलेली दिसायची. हे दुखणं खरोखर रॅमचंच. काही महिन्यांनी मोकळ्या स्लॉटमध्ये ४ जीबीची दुसरी पट्टी घातली. घेताना जुन्या पट्टीवरचं 'पीसी३एल' वाचून तशीच मागितली. ही १.३५ व्होल्टची डीडीआर३एल, आणि या पिढीच्या लॅपटॉपला १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ बहुधा चालत नाही. आता तास चालू असतानाच आत्या मुलांसमोर प्रश्नपत्रिका उघडते.