म्युत्सिग: शास्पोच्या गावी

स्ट्रासबुर्गहून म्युत्सिगला जायला अर्धा तास पुरतो. मोल्सहाइम मागे पडलं की ब्रुश नदीचं खोरं लागतं, एका हाताला डोंगर आणि त्यांच्या उतारावर द्राक्षांचे मळे. गाव लहान आहे. मध्ययुगातला वेशीचा मनोरा अजून उभा आहे आणि रोआँ घराण्यातल्या बिशपांचा वाडाही. मला जायचं होतं त्या वाड्यातच. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिथे बंदुकांचा कारखाना निघाला आणि याच गावात, शस्त्रकारागिराच्या घरात, १८३३ साली आंत्वान आल्फाँस शास्पो जन्मला.

माझ्या आजोळी, कुडाळकडे, रानडुकरांसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. आजोबा नळीत आधी दारू ओतायचे, मग चिंधीचा बोळा, मग छरे, आणि गजाने ठासत बसायचे. एक बार काढायचा म्हणजे मिनिटभराचं काम, तेही उभं राहून. तेव्हापासून एक प्रश्न मनात होता: समोर डुकराऐवजी शत्रू असेल, तर शिपाई हे सगळं कसं करत असेल?

शास्पोने सोडवला तो हाच प्रश्न. वाड्यातल्या संग्रहालयात त्याची बंदूक काचेमागे आडवी ठेवली आहे. संगीन सोडून लांबी १.३१ मीटर, अक्रोडाचा दस्ता, नळीचं भोक ११ मिलिमीटरचं. शेजारी तिची संगीन: पितळी मूठ आणि नागमोडी वळणाचं लांब पातं. बंदुकीवरची अक्षरं वाचायला मी काचेला नाक लावलं. ‘मान्युफाक्त्यूर अँपेरियाल’, म्हणजे बादशाही कारखाना, आणि खाली ‘नमुना १८६६’. पलीकडच्या पाटीवर ‘कार्तूश’ हा शब्द होता. आपलं काडतूस पोर्तुगिजांकडून आलं, पण कूळ एकच. इतक्या लांब घरातला शब्द भेटल्याचा फार आनंद झाला.

तिथे देखरेख करणारे गृहस्थ ऐंशीच्या घरातले. मी इतका वेळ एकाच कपाटापाशी उभा आहे हे पाहून ते जवळ आले.

“तुम्हाला खरी गंमत दाखवू?” म्हणाले. सुट्या काढून मांडलेल्या खटक्याच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या, टोकाशी त्यांनी बोट नेलं. काळी, चिरा गेलेली, वाळून कडक झालेली एक चकती. रबराची.

ठासणीची बंदूक मागून बंद असते. तिला मागून उघडायचं म्हटलं की फट येते आणि त्या फटीतून पेटती दारू थेट शिपायाच्या तोंडावर येते. प्रशिया या जर्मन राज्याच्या, मागून भरायच्या ड्रायझं बंदुकीची हीच अडचण होती. झिजलेल्या बंदुकीचे शिपाई डोळे जपायला ती कमरेशी धरूनच झाडत. शास्पोने खटक्याच्या तोंडाशी रबराची चकती बसवली. बार उडाला की दाबाने ती फुगते आणि फट आपोआप बुजते. बाकी रचना ड्रायझंसारखीच: कागदी काडतूस, आणि चाप ओढला की ते भोसकून आतल्या स्फोटक टोपीवर बसणारी लांब सुई. फरक असा की ड्रायझंची टोपी गोळीच्या बुडाशी, म्हणून सुईला सगळ्या दारूतून जावं लागे. शास्पोने टोपी काडतुसाच्या बुडाशी आणली आणि सुई आखूड झाली. तरी ती मोडायची आणि रबर जळायचं, म्हणून शिपाई दोन्ही जास्तीची जवळ ठेवत.

त्याने हे प्रयोग सुरू केले ते १८५७ च्या सुमारास. त्याच वर्षी आपल्याकडे दाताने तोडायच्या कागदी काडतुसावरून भडका उडाला होता. शास्पोचं काडतूस तोडावं लागत नसे, तसंच्या तसं आत सरकवायचं. ही दोन काडतुसं मी तेव्हापासून मनात शेजारी ठेवली आहेत.

पॅरिसच्या लष्करी कार्यशाळेत तपासनीस असलेल्या या माणसाचं काम बरीच वर्षं रेंगाळलं. मग ३ जुलै १८६६ ला साडोवा इथे प्रशियाने ऑस्ट्रियाला धूळ चारली. पॅरिस घाबरलं आणि ३० ऑगस्टला शास्पोची बंदूक मंजूर झाली. पुढच्याच वर्षी इटलीत मेंताना इथे ती गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांवर चालली आणि फ्रेंच सेनापती फायी याने कळवलं की शास्पो बंदुकांनी कमाल केली. निशाण्याची पट्टी १२०० मीटरपर्यंत होती, ड्रायझंच्या जवळजवळ दुप्पट.

प्रशियाशी झालेल्या १८७० च्या युद्धाला फ्रान्सकडे अशा सुमारे दहा लाख बंदुका होत्या. १८ ऑगस्टला मेट्झजवळ साँ-प्रिव्हाच्या उघड्या उतारावर प्रशियाची खास शाही गार्ड फौज चालून गेली आणि तिचे सुमारे ८,००० लोक मेले किंवा जखमी झाले. तरी फ्रान्स हरला. प्रशियाच्या, क्रुप कारखान्याच्या मागून भरायच्या पोलादी तोफांपुढे फ्रेंचांच्या तोफा अजून पुढून भरायच्या, ब्राँझच्या. आणि सेनापती एकमेकांच्या मदतीला गेले नाहीत. २ सप्टेंबरला सेदाँ इथे फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन शरण गेला. बंदुकीकडे मला यात काडीचाही दोष दिसत नाही. पुढच्या मे महिन्यात पॅरिसच्या रस्त्यांवर कम्यूनचे, म्हणजे शहराचा ताबा घेतलेल्या बंडाचे, लोक आणि सरकारी सैन्य, दोघांच्याही हातात शास्पो होत्या. ते वाक्य पाटीवर वाचून मी थोडा वेळ खुर्चीवर बसलो.

मे १८७१ च्या तहात फ्रान्सचा हा आल्सास प्रांत जर्मनीकडे गेला. म्युत्सिगसुद्धा.

“माझे पणजोबा फ्रेंच म्हणून जन्मले आणि शाळा जर्मन शिकले,” गृहस्थ म्हणाले. “फ्रेंच राहायचं असेल तर ऑक्टोबर १८७२ च्या आत गाव सोडा, असा नियम होता. आमच्या घरच्यांची शेती होती. कुठे जाणार?”

दुपारी मी गावामागची चढण चढलो. वर १८९३ पासून जर्मनांनी बांधलेला अवाढव्य काँक्रीटचा किल्ला आहे. त्याला कैसर दुसऱ्या विल्हेल्मचं नाव दिलं होतं. जमिनीखाली बोगदे, विजेची यंत्रं, दवाखाना, भटारखाना, आणि तोफांची तोंडं फ्रान्सच्या दिशेने. वाटेत एका वळणावर झाडी विरळ झाली तेव्हा मी थांबलो. खाली वेशीचा मनोरा आणि वाड्याचं छप्पर दिसत होतं. शास्पो १९०५ मध्ये पॅरिसजवळ गान्यीला वारला, तेव्हा तो मनोरा, तो वाडा आणि त्याचं जन्मघर, सगळं जर्मनीत होतं.