पेटीवर नाव नव्हतं म्हणून पत्र परत गेलं

मागच्या दोन महिन्यात आमच्या दारव्हा तालुक्यातल्या पाच-सहा पोरींचे फोन आले, सगळ्या नर्सिंग झालेल्या, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, ताई जर्मनीत गेल्यावर कागदपत्रांचं काय काय करावं लागते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यासोबत करार केला तेव्हापासून आपल्याकडे गावागावात जर्मनीचं नाव पोचलं. मी त्याच्या आधीची, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आली. प्रत्येकीला तासभर फोनवर सांगते तरी काहीतरी राहूनच जाते, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

माझं जर्मनीचं काम खरं सुरू झालं ते आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरातून. पहिलीत नाव टाकायला मला आबाजी घेऊन गेले होते, गुरुजींनी बाबांचं नाव विचारलं आणि मानाने पुढे राव लावून लिहून घेतलं. आपल्याकडे कोणाच्या बापाचं नाव नुसतं लिहिणं बरं वाटत नाही ना. मग तो राव टीसीवर आला, तिथून दहावीच्या मार्कशीटवर, तिथून नर्सिंगच्या डिप्लोम्यावर आणि कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर. आधारवर मात्र राव नाही, पासपोर्टवरही नाही. आणि जन्माचा दाखला काढला तर त्याच्यावर माझंच नाव नाही! माझा जन्म आजोळचा, नोंद बारशाच्या आधी झालेली, त्यामुळे आईबापाचं नाव आहे, तारीख आहे, आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा. मी तो कागद हातात घेऊन ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून होती कितीतरी वेळ.

हे माझ्या एकटीचं नाही, आपल्या भागात आजोळी जन्मलेल्या कितीतरी पोरींचं असंच आहे म्हणून आधी हेच तपासा. जन्माची नोंद २१ दिवसात करायची असते हे बहुतेकांना माहीत असते, पण नाव नंतर टाकता येते आणि त्यालाही मुदत असते, नियमाने जन्मानंतर १५ वर्षं, हे कोणी सांगत नाही. जुन्या नोंदींसाठी सरकारने मधे मुदत वाढवून दिली होती त्यात माझं काम झालं, टीसी आणि आधार जोडून अर्ज दिला. जिथे जन्म झाला त्याच गावच्या ग्रामपंचायतीत जावं लागते, आपल्या राहत्या गावात होत नाही. आणि ज्यांची नोंदच झाली नाही, त्यांना आधी कोर्टातून आदेश आणावा लागायचा, २०२३ मध्ये १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा बदलला तेव्हापासून ते अधिकार जिल्हाधिकारी, एसडीओ यांच्याकडे आले. वर्षाच्या वर झालं असेल तर तिकडे अर्ज करायचा.

राव चं काय केलं, तर ॲफिडेव्हिट. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं बाबांनी स्वतः लिहून दिलं. बाबा तहसीलच्या बाहेर नोटरीच्या टेबलासमोर उभे, कापूस वेचणीचे दिवस, वावरात मजूर लागलेले, आणि ते मला म्हणतात, "माह्या नावानं तुले एवढा तरास होऊन रायला का गं बापा?" मला तेव्हा काही बोलता आलं नाही. बाबा, तुमच्या नावाने कधीच त्रास नाही झाला. गुरुजींनीही मानच दिला होता.

तिसरा घोळ आडनावाचा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव पहिले, मग आपलं नाव, मग वडलांचं. जर्मनीत शेवटचा शब्द तो आडनाव असं धरतात. डिप्लोमा तिथल्या एका ऑफिसला मान्यतेसाठी पाठवला तर उत्तराच्या पत्रात बाबांचं नाव माझं आडनाव झालं होतं, ते दुरुस्त होऊन यायला पाच आठवडे गेले आणि तोपर्यंत पुढचं सगळं थांबलं. म्हणून अर्ज पाठवतानाच पासपोर्टची कॉपी वर लावा आणि सोबत एक साधं पत्र द्या की आमच्याकडे नाव लिहायची पद्धत अशी अशी आहे, यातलं आडनाव हे. आणि पासपोर्टमध्ये गिव्हन नेमच्या जागी आपलं आणि बाबांचं अशी दोन्ही नावं असतील, तर इथे ती दोन्ही तुमचीच नावं समजतात. बँकेचं कार्ड, इन्शुरन्सचं कार्ड, पगाराची स्लिप, सगळीकडे दोन्ही येतात. फॉर्म भरताना एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दोन असं करू नका, पासपोर्टवर आहे ते अक्षर न् अक्षर सगळीकडे.

अजून एक, अपोस्टिल, म्हणजे आपला कागद खरा आहे असं दुसऱ्या देशाला सांगणारा सरकारी शिक्का. एका एजंटने माझ्याकडून सगळ्या कागदांच्या अपोस्टिलचे पैसे घेतले. मी कागद केले तेव्हा जर्मनीसाठी भारताचं अपोस्टिल चालतच नव्हतं, भारत २००५ मध्ये त्या हेगच्या करारात गेला पण जर्मनीने भारताबद्दल हरकत घेतलेली, त्यामुळे दोघांमध्ये तो करार लागू नाही. तिकडच्या ऑफिसने लेखी काय मागितलं तेवढंच करा, एजंट सांगते म्हणून पैसे देऊ नका. भाषांतर मात्र लागतेच, आणि ते शपथ घेतलेल्या भाषांतरकाराचं, शिक्क्यासहित.

व्हिसाचं जास्त सांगत नाही, धामणगाववरून विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर मुंबई, सकाळी दादरला उतरून अपॉइंटमेंट, संध्याकाळी परत. ओरिजिनल सगळे पिशवीत छातीशी धरून झोपली होती.

आता इकडचं. मी आली ते श्टुटगार्टपासून तासाभरावरच्या छोट्या गावात. इथे राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत गावच्या ऑफिसात पत्ता नोंदवावा लागते, त्याला आनमेल्डुंग म्हणतात आणि बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. त्यासाठी पासपोर्ट, फॉर्म आणि घरमालकाच्या सहीचा एक वेगळा कागद की ही बाई अमुक तारखेपासून इथे राहते. भाड्याचा करार दाखवून भागत नाही, तो सहीचा कागदच लागते. मी घर घेतानाच मागून ठेवला नाही आणि घरमालक निघून गेले सुट्टीवर, दोन आठवडे संपायला दोन दिवस होते तेव्हा सही भेटली. आणि आधी टर्मिन घ्यावा लागते, म्हणजे वेळ ठरवून जायचं. त्या फॉर्ममध्ये धर्म विचारतात, त्याचा संबंध चर्चच्या टॅक्सशी, आपण त्या चर्चचे सदस्य नसलो तर तो टॅक्स लागत नाही. मी घाबरली होती की हे कायले विचारतात, म्हणून सांगून ठेवते.

त्यानंतर जे होते ते सगळं पोस्टाने. टॅक्सचा अकरा आकडी नंबर पोस्टाने, पेन्शनचा नंबर पोस्टाने, बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या पाकिटात. मी तीन आठवडे वाट पाहिली, काहीच आलं नाही. मग खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी मला हाताला धरून दाराजवळ नेलं आणि पत्रपेटी दाखवली. पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव. इथला पोस्टमन पेटीवरचं नाव वाचते, जुळलं नाही की पत्र परत. घर नंबर बरोबर असला तरी परत.

मला खूप रडू आलं त्या दिवशी, खरं सांगते. आमच्या गावात पाकिटावर नुसतं बाबांचं नाव आणि गाव लिहिलं तरी पोस्टमन भाऊ वावरात आणून देतात. धुऱ्यावरून हाक मारतात, चहा पिऊन जातात. इथे माझ्या नावाची पत्रं माझ्या दारापर्यंत येऊन परत गेली होती. आजीबाईंनीच कागदाची पट्टी कापून दिली, मी त्याच्यावर आडनाव लिहिलं, चिकटपट्टीने लावलं. घंटीवरही लावलं. टॅक्सचा नंबर परत मागवावा लागला, तोपर्यंत पहिल्या पगारातून जास्त टॅक्स कापला गेला, पुढे नंबर आल्यावर तो हिशोब जुळला पण पहिला महिना फार ओढाताणीत गेला. म्हणून चावी हातात आली की पहिले पेटीवर नाव लावा, स्वयंपाकाचं सामान नंतर.

बाकी पटपट सांगते. आरोग्य विमा सक्तीचा आहे, नोकरीवर लागताच करून टाका. रेडिओ-टीव्हीचे पैसे भरा म्हणून पत्र येईल, टीव्ही नसला तरी, एका घराला महिन्याला १८.३६ युरो, रूममेट असेल तर एकीनेच भरायचे, ते फसवणुकीचं पत्र समजून फेकू नका. आपलं गाडीचं लायसन सहा महिनेच चालते, नंतर इथली लेखी आणि गाडी चालवायची दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड, त्याचा अर्ज व्हिसा संपायच्या आधी गेला पाहिजे. टर्मिन उशिराचा मिळाला तरी चालते, अर्ज वेळेत असला तर मधल्या काळासाठी एक तात्पुरता कागद देतात. अर्ज केल्याचा पुरावा, ईमेल, पावती, सगळं जपून ठेवा. मी एक जाड फाईल केली आहे, आलेलं एकही पत्र फेकत नाही.

परवा डिग्रसकडच्या एका पोरीचा फोन होता, तिची जर्मन भाषेची बी टू ची परीक्षा झाली, आता कागद करते म्हणे. मी तिला जन्माचा दाखला उघडून वाचायला लावला. थोडा वेळ शांत, मग म्हणाली, "ताई, नावाच्या जागी काहीच नाही जी." तिच्या आईने फोन घेतला, "पोट्टी माह्या माहेरी झाली, महागावजवळ. तूर काढणं चालू हाय, आठ दिवसात आमी दोघी जाऊन येतो." मी म्हटलं काकू, टीसी न् आधार दोन्ही सोबत न्या, आणि झेरॉक्स चार-चार काढा.