असेल तेवढं

आमच्या घरी 'ओ सनम' कधीच शेवटपर्यंत वाजलं नाही. गाणं ऐन रंगात आलेलं असायचं आणि लकी अली मधूनच 'खट्' म्हणून गप्प व्हायचा. चूक त्याची नव्हती, माझी होती.

त्या काळी कंपनीची नवी कॅसेट घरात यायची ती दिवाळीला, नाहीतर वाढदिवसाला. एरवी आम्ही कॅसेट भरून घ्यायचो. मेन रोडच्या मागच्या गल्लीत एक दुकान होतं, दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहायचं. चौकडीच्या वहीतलं पान फाडून त्यावर गाण्यांची यादी न्यायची, कोरी साठची कॅसेट तिथूनच घ्यायची आणि चार दिवसांनी चक्कर मारायची. हा सरळसरळ चोरीचा मामला आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी आम्ही गेलोच असतो म्हणा.

पैसे दोघांच्या खाऊचे, म्हणून भावात आणि माझ्यात तह झाला होता. ए बाजू माझी, बी बाजू त्याची. त्याच्या बाजूला दलेर मेहंदी आणि बाबा सहगल. 'बोलो तारारा' सुरू झालं की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "तो तारारा बंद कर आधी, कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात!" माझ्या बाजूला पहिला मान अर्थात अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'चा. १९९५ साली ते गाणं आलं आणि वर्गातल्या आम्ही सगळ्या मुली खोक्यातून बाहेर येणाऱ्या मिलिंद सोमणवर फिदा झालो. त्यातून तो मराठी! जणू आमच्याच गल्लीत राहायला होता. थोरल्या आतेभावाला मात्र त्याचं काही नव्हतं. "संगीत बिद्दूचंच ना? त्यानं १९८० सालीच नाझिया हसनकडून 'आप जैसा कोई' गाऊन घेतलं. तुमचं हे सगळं शिळं आहे," असं म्हणून तो आमच्या उत्साहावर पाणी ओतायचा. मग तासभर तिथेच बसून ऐकायचा.

तर यादी. दुकानदार काकांनी ती वाचली, पेन्सिलीनं गाण्यांसमोर मिनिटं मांडली आणि मान हलवली.

"सहावं पुरं बसायचं नाही, ताई. एका बाजूला तीसच मिनिटं. शेवटचं पलीकडच्या बाजूला टाकू का?"

पलीकडची बाजू म्हणजे भावाची हद्द. तिथे माझं गाणं टाकायचं तर बदल्यात काय काय द्यावं लागलं असतं, देव जाणे.

"नको काका. बसवा ना इथेच, असेल तेवढं."

त्यांनी असेल तेवढं बसवलं.

फीत संपली की आमच्या टू-इन-वनचं बटण आपोआप वर उडायचं. तेच ते 'खट्'. ऐकून ऐकून ते इतकं मुरलं, की आंघोळ करताना, सायकल पुसताना कुणी 'ओ सनम' गुणगुणलं तरी त्या शब्दावर आलं की तोंडानं 'खट्' करायचं आणि थांबायचं. ती कॅसेट आम्ही अक्षरशः झिजवली. लाईट गेली की सेलवर लावायची. सेल उतरत आले की अलिशाचा आवाज हळूहळू तिच्या वडिलांसारखा व्हायचा. मग सेल गच्चीत उन्हात ठेवायचे, तेवढीच दोन गाण्यांची बेगमी. एकदा फीत आत गुरफटली. भावाला धीर कुठला, त्यानं ओढली. साठच्या कॅसेटमध्ये सुमारे ८६ मीटर फीत असते हे पुढे कळलं, पण त्या दिवशी ती हॉलपासून मोरीपर्यंत पसरलेली बघूनही अंदाज आला होता. सहा कडांची पेन्सिल चाकाच्या दातांत अडकवून दोघांनी आळीपाळीनं गुंडाळली. त्यानंतर तिसऱ्या गाण्यात एक जागा अशी झाली, की तिथे अख्खा वाद्यवृंद पाण्यात बुडी मारून यायचा.

मग सीडी आल्या, टू-इन-वन माळ्यावर गेला. 'ओ सनम' पूर्ण ऐकलं ते कितीतरी वर्षांनी, मोबाइलवर. 'खट्'ची जागा आली, गेली आणि लकी अली आपला गातोच आहे. निरोप घेऊन दारापर्यंत गेलेला पाहुणा चपला काढून परत येऊन बसावा, तसं वाटलं. मी भावाला गाणं पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "हे पुढचं कुणी वाढवलंय?"

परवा रविवारी आम्ही गंगापूर रोडच्या पुढे एका मळ्यात मिसळ खायला गेलो होतो. पाऊण तासानं नंबर लागला. तर्री समोर आली, पापड मोडला आणि झाडाला टांगलेल्या स्पीकरवर नेमकं तेच लागलं. दोघंही काही बोललो नाही. खात राहिलो. ती जागा आली तसा भावानं पाव खाली ठेवला आणि मान वर न करता म्हणाला, "खट्."

"काय झालं बाबा?" भाचीनं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "चल, आता माझी बाजू लाव."